पोटोमॅककाठची शाळा आणि तिचा जमाखर्च

१७९१ सालच्या शरदऋतूत, अमेरिकेच्या नव्या प्रजासत्ताकाची घटना अमलात येऊन पुरती तीन वर्षेही लोटली नव्हती अशा काळात, मेरीलंड प्रांती दोन गोष्टी महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने घडल्या. ऑक्टोबरात एडवर्ड क्वीन नावाच्या एका गुलामाने आपल्या मालकावर फिर्याद गुदरली. आपली आजी मेरी क्वीन ही स्वतंत्र स्त्री होती, सबब तिच्या नातवाला गुलाम म्हणून राबविण्याचा अधिकार कोणासही पोचत नाही, असे त्याचे म्हणणे होते. आणि ज्याच्यावर ही फिर्याद झाली तो मालक तंबाखूचा कोणी गबर मळेवाला नसून व्हाइट मार्श येथील मिशनच्या जमिनीचा कारभार पाहणारा जॉन ॲश्टन नावाचा धर्मगुरू होता. पुढच्याच महिन्यात विल्यम गॅस्टन हा तेरा वर्षांचा मुलगा नॉर्थ कॅरोलायनातील न्यू बर्न गावाहून पोटोमॅक नदीकाठच्या जॉर्जटाउन बंदरात येऊन पोचला. त्याचा बाप स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत राजपक्षीयांच्या गोळीला बळी पडला होता, आणि विधवा आईने, मुलाचा धर्म राहावा व विद्याही व्हावी या दुहेरी हेतूने, त्याला एका नव्या शाळेत घालण्याचा निश्चय केला होता. शाळा मात्र अद्याप उघडायची होती. तेव्हा हा पहिला विद्यार्थी आरंभी गावातल्या खानावळीत उतरला, आणि वर्ग भरू लागले ते पुढल्या जानेवारीत. ही शाळा उभारण्यासाठी जे पाच संचालक नेमले गेले होते त्यांत वर सांगितलेले फादर जॉन ॲश्टन हेही एक होते.

शाळांचे इतिहास बहुधा त्यांच्या महोत्सवी ग्रंथांतून लिहिले जातात, आणि अशा ग्रंथांत मुख्याध्यापकांची छायाचित्रे व नामांकित माजी विद्यार्थ्यांच्या याद्या भरपूर असल्या तरी जमाखर्चाची पाने सहसा नसतात. जॉर्जटाउनच्या या शाळेचा इतिहास, जी पुढे एकीकडे विद्यापीठ झाली आणि दुसरीकडे 'जॉर्जटाउन प्रेप' या नावाने आजही मुलांना कॉलेजसाठी तयार करते आहे, तो जमाखर्चाच्या बाजूने वाचल्यावाचून कळत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. विद्या कोणी दिली आणि कोणी घेतली याची नोंद प्रत्येक शाळा अभिमानाने ठेवते. तिचे पैसे कोणी भरले, हा प्रश्न येथे पहिल्या दिवसापासून दाराशी उभा होता.

मेरीलंडमध्ये कॅथलिकांची शाळा निघावी हीच मुळात नवलाची गोष्ट होती. ही वसाहत १६३४ साली लॉर्ड बाल्टिमोर यांच्या घराण्याने वसविली, ती इंग्लंडात ज्यांना उघडपणे उपासना करण्याची सोय उरली नव्हती अशा कॅथलिकांना आसरा मिळावा या हेतूनेही. आणि पहिल्या तुकडीबरोबरच अँड्र्यू व्हाइट हे जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू आले. जो कोणी स्वखर्चाने मजूर आणील त्याला त्या मानाने जमीन द्यावी असा वसाहतीचा शिरस्ता होता. जेझुइटांनीही मजूर आणले, जमिनी मिळविल्या, तंबाखू लावला, आणि कालांतराने इंग्लंडहून येणाऱ्या करारबद्ध मजुरांच्या जागी आफ्रिकेहून आणलेले गुलाम आले तेव्हा शेजारच्या मळेवाल्यांनी केले तेच यांनीही केले. पुढे १६८९ नंतर प्रॉटेस्टंटांच्या हाती सत्ता गेली. १७०४ च्या कायद्याने कॅथलिक धर्मगुरूने जाहीर उपासना चालविणे व मुलांना शिकविणे हे गुन्हे ठरले. ज्या वसाहतीत आपण आश्रयासाठी आलो तेथेच आपल्या मुलाला आपल्या धर्माच्या शिक्षकाकडे धाडण्याची चोरी झाली, तेव्हा ऐपतदार कुटुंबांनी आपली मुले समुद्रापार, फ्लँडर्समधील सेंट ओमर येथील शाळेत पाठविण्यास आरंभ केला.

सेंट ओमरची ही शाळा इंग्लंडातल्या कॅथलिक मुलांसाठी जेझुइटांनी १५९३ साली काढली होती. ज्या कायद्यांमुळे ती परदेशी काढावी लागली त्याच कायद्यांच्या जाचाच्या काळात इंग्लंड सोडून बाहेर पडलेला एक तरुण रोमला जाऊन जेझुइट झाला आणि १५७९ साली गोव्याला पोचला. मराठी वाचकाला तो 'क्रिस्तपुराणा'चा कर्ता फादर स्टीफन्स म्हणून ठाऊक आहे. इंग्लंडच्या एका राजकीय निर्बंधाने एकीकडे साष्टीत ओवी लिहविली आणि दुसरीकडे मेरीलंडच्या तंबाखूवाल्यांची पोरे फ्लँडर्सच्या वसतिगृहात नेऊन बसविली, हा योगायोग आपल्याकडील वाङ्मयेतिहासकारांनी फारसा मनावर घेतलेला दिसत नाही.

त्या पोरांपैकीच एक जॉन कॅरल. तेराव्या वर्षाच्या सुमारास तो चुलतभाऊ चार्ल्स याच्यासह सेंट ओमरला गेला; पुढे जेझुइट झाला, शिक्षक झाला, आणि एका पाठोपाठ एक संकटे पाहत राहिला. १७५९ साली पोर्तुगालच्या पोंबाल या प्रधानाने जेझुइटांना साऱ्या मुलुखातून, अर्थात गोव्यातूनही, हाकून दिले. फ्रान्सने तोच कित्ता गिरविला, तेव्हा १७६२ साली सेंट ओमरची शाळा रातोरात ब्रुजला हलवावी लागली. शेवटी १७७३ साली खुद्द पोप चौदावे क्लेमेंट यांनी फर्मान काढून हा संघच बरखास्त केला. ब्रुजच्या शाळेत ऑस्ट्रियाचे अंमलदार शिरले, दप्तर व मालमत्ता जप्त झाली, शिक्षकांना अटकेत ठेवण्यात आले. आणि वयाची चाळिशी गाठत असलेले फादर कॅरल, ज्या संघाला आयुष्य वाहिले तो संघच नाहीसा झालेला असे, १७७४ साली आईच्या घरी मेरीलंडला परतले.

त्यानंतर क्रांती झाली, आणि क्रांतीबरोबर जुने धार्मिक निर्बंध गेले. चुलतभाऊ चार्ल्स याची स्वाक्षरी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर आहे, सख्खा भाऊ डॅनियल याची घटनेवर. कॅरल यांनी १७८५ साली रोमला जो अहवाल पाठविला त्यात मेरीलंडमधील कॅथलिकांची संख्या सुमारे १५,८०० सांगितली असून त्यांत ३,००० गुलाम धरले आहेत. शिरगणती करताना त्यांना धर्मबांधव म्हणून मोजायचे आणि मळ्याच्या यादीत मालमत्ता म्हणून मोजायचे, ही दोन्ही कामे त्याच कारभारात चालत होती. बरखास्त झालेल्या संघाच्या जमिनी तेथील धर्मगुरूंनी व्यक्तिशः आपल्या नावांवर ठेवून वाचविल्या होत्या. १७८६ च्या नोव्हेंबरात व्हाइट मार्श येथे हे धर्मगुरू जमले तेव्हा कॅरल यांनी शाळेचा प्रस्ताव मांडला. प्रस्तावात कोणत्याही धर्मपंथाच्या मुलास मज्जाव नव्हता, ही गोष्ट त्या काळी साधी नव्हे. जॉर्जटाउनच्या टेकडीवर दीड एकर जागा घेतली गेली, ७५ पौंडांना, आणि खरेदीखतावर तारीख पडली २३ जानेवारी १७८९. जॉर्जटाउन विद्यापीठ व जॉर्जटाउन प्रेप या दोन्ही संस्था हेच आपले जन्मवर्ष मानतात. त्याच वर्षी कॅरल हे अमेरिकेचे पहिले कॅथलिक बिशप निवडले गेले.

या काळाचे 'कॉलेज' म्हणजे आपण आज समजतो ते कॉलेज नव्हे. आठ-दहा वर्षांच्या पोरापासून विशीतल्या तरुणापर्यंत सगळे एका छपराखाली शिकत, आणि संख्येने पाहिले तर मोठा भरणा लहानांचाच असे. म्हणजे पूर्वतयारीची शाळा हाच खरा गाभा, आणि वरचे तत्त्वज्ञानाचे वर्ग हे त्याला फुटलेले अंकुर. जेझुइटांचा अभ्यासक्रम १५९९ सालच्या 'रात्सिओ स्तुदिओरुम' या नियमावलीने बांधून दिलेला होता: प्रथम व्याकरणाच्या चढत्या तीन इयत्ता, मग काव्य, मग वक्तृत्व व अलंकार. इयत्तांना आकडे नसत, अभ्यासविषयांची नावे असत. मुलगा कितवीत आहे असे न विचारता 'काव्यात' आहे की 'अलंकारात' आहे असे विचारीत. सिसरो आणि व्हर्जिल यांचे पाठ तोंडपाठ म्हणून घेणे, वर्गाचे दोन पक्ष पाडून त्यांत चढाओढ लावणे, आठवड्याच्या शेवटी उजळणी, अशी ती पद्धत होती. अमरकोश आणि रूपावली घोकून घोकून ज्यांची वाणी घडली त्या आपल्याकडच्या शास्त्र्यांना या शाळेत परके वाटण्यासारखे फारसे काही नव्हते.

रशियाच्या कॅथरिन राणीने पोपचे फर्मान आपल्या राज्यात जारी होऊ दिले नव्हते, त्यामुळे संघाचे एक मूळ तेथे जिवंत राहिले होते. त्याला जोडून घेऊन १८०५ साली मेरीलंडमधील काही वृद्ध धर्मगुरू पुन्हा जेझुइट झाले, आणि जॉर्जटाउनचा कारभार त्यांच्याकडे आला. शाळेचा पहिला विद्यार्थी गॅस्टन आता काँग्रेसचा सभासद होता. त्याच्या खटपटीने १ मार्च १८१५ रोजी अध्यक्ष मॅडिसन यांच्या सहीने शाळेला पदव्या देण्याची संघराज्याची सनद मिळाली. हाच गॅस्टन पुढे नॉर्थ कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयावर गेला. तेथे १८३४ साली विल नावाच्या एका गुलामाच्या खटल्यात त्याने निवाडा दिला की, जिवावर बेतले असता मुकादमावर उलटलेला गुलाम हा खुनी ठरत नाही, त्याचा गुन्हा त्याहून हलका आहे. आणि हे लिहिणाऱ्या न्यायमूर्तींच्या स्वतःच्या घरी गुलाम होते. पहिल्या विद्यार्थ्याच्या चरित्रात शाळेचे सारे चरित्र आगाऊ वाचायला मिळते ते असे.

आता जमाखर्चाकडे वळू. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने घालून दिलेला एक दंडक असा होता की, विद्यादानाबद्दल विद्यार्थ्याकडून काहीही घ्यावयाचे नाही. युरोपात हे निभत असे, कारण कॉलेज काढण्यापूर्वी एखादा राजा, सरदार किंवा नगरपालिका त्याच्या नावे उत्पन्न तोडून देई. अमेरिकेत राजा नव्हता. तेथे जेझुइटांचे वतन म्हणजे सेंट इनिगोज, न्यूटाउन, सेंट टॉमस मॅनर, व्हाइट मार्श अशा ठिकाणचे मळे, आणि मळ्यांचे उत्पन्न म्हणजे त्यांवर राबणारे गुलाम. फुकट विद्येचा तो उदात्त नियम निदान कागदोपत्री तरी ज्यांच्या खांद्यावर उभा होता ते लोक, त्यांच्या बायका आणि त्यांची पोरे त्या विद्येच्या दारात कधीच येणार नव्हती.

हा ताळेबंद कागदावर तरी जमावा, पण तोही जमत नव्हता. मळ्यांची व्यवस्था गचाळ होती, जमिनीचा कस गेला होता, आणि मळे शाळेला पोसण्याऐवजी आपापले कर्ज वाढवीत होते. निवासी मुलांकडून राहण्या-जेवण्याचा खर्च घेता येई. रोज येऊन-जाऊन शिकणाऱ्यांकडून मात्र शुल्क घेण्यास नियमाचा प्रतिबंध होता. वॉशिंग्टन शहरात १८२१ साली जेझुइटांनी काढलेली दिवसशाळा या एकाच पेचापायी १८२७ मध्ये बंद पडली: शुल्क घ्यावे तर नियमभंग, न घ्यावे तर उपासमार. अखेर १८३३ साली पोप सोळावे ग्रेगरी यांच्याकडून अमेरिकेपुरती सवलत मिळाली आणि शुल्क घेणे रीतसर झाले. ही सवलत मिळविण्यासाठी खटपट करणारे विल्यम मॅकशेरी आणि १८२९ पासून कॉलेजचे अध्यक्ष असलेले टॉमस मलेडी हे दोघेही व्हर्जिनियाचे आणि दोघेही रोमला शिकून आलेले. दोघेही तरतरीत, कर्तबगार, आणि जुन्या मळेवाल्या पिढीच्या सुस्तपणाला कंटाळलेले होते. मलेडी यांना बांधकामाचा नाद होता. टेकडीवर इमारती चढल्या, आणि त्यांबरोबर देणेही चढले.

संघात मळ्यांविषयी दोन पक्ष पडले. वृद्ध, विशेषतः युरोपातून आलेले धर्मगुरू म्हणत की, या माणसांच्या आत्म्याची जबाबदारी आपल्यावर आहे, त्यांना विकणे हा विश्वासघात होईल. मलेडी-मॅकशेरी यांचा पक्ष म्हणे की, संघाचे भवितव्य शहरांतील शाळांत आहे, मळ्यांत नाही, तेव्हा गुलाम विकून पैसा मोकळा करावा. त्यांना मुक्त करावे हा तिसरा मार्ग कोणाच्या मनातच आला नाही असे नव्हे, पण तो मागे पडला. संघाचे रोममधील सर्वाधिकारी यान रोटान यांनी १८३६ साली विक्रीला संमती दिली ती अटी घालून: कुटुंबे फोडू नयेत, नव्या ठिकाणी त्यांच्या धर्माचरणाची सोय असावी, आणि आलेला पैसा कर्जफेडीत किंवा चालू खर्चात न घालता तरुण जेझुइटांच्या शिक्षणासाठी गुंतवावा.

१९ जून १८३८ रोजी करार झाला. विकणारे, आता जेझुइटांचे प्रांताधिपती झालेले टॉमस मलेडी. घेणारे लुइझियानाचे माजी गव्हर्नर हेन्री जॉन्सन आणि जेसी बॅटी. विकावयाचे इसम २७२. किंमत १,१५,००० डॉलर, पैकी २५,००० रोख आणि बाकी हप्त्यांनी, व्याजासह, तारणावर. करारात माणसांची यादी आहे, आणि यादीत पहिले नाव आयझॅक, वय ६५. त्याच्यामागून त्याची मुले, नातवंडे, मग दुसरे कुटुंब, मग तिसरे. नावापुढे वय, आणि तान्ह्या पोरांच्या बाबतीत महिन्यांनी मोजलेले वय. नावांचा क्रम कुटुंबवार आहे हे पाहून कोणाला अटी पाळल्याचा भास होईल. प्रत्यक्षात जे शेजारच्या मळ्यावर विवाह करून राहिले होते त्यांची जोडपी तुटली, काही जण रानात पळाले, काही वृद्ध मागे ठेवले गेले, काहींची विल्हेवाट जवळपासच लावण्यात आली. दोनशेहून काही अधिक माणसे लुइझियानाला गेली. त्यांतला मोठा गट अलेक्झांड्रिया बंदरातून 'कॅथरिन जॅक्सन' या जहाजावर चढविण्यात आला, आणि डिसेंबरात न्यू ऑर्लीन्सला उतरला. त्या २७२ नावांत कॉर्नेलियस हॉकिन्स हा सुमारे तेरा वर्षांचा मुलगा होता. गॅस्टन खानावळीत उतरला तेव्हा त्याचेही वय इतकेच होते.

रोख आलेल्या २५,००० पैकी १७,००० डॉलर कॉलेजच्या देण्यात गेले. ८,००० बाल्टिमोरच्या आर्चबिशपांच्या जुन्या दाव्यापोटी द्यावे लागले. म्हणजे रोटान यांच्या अटींपैकी पैशाची अट तर पहिल्याच हप्त्याला मोडली. बातमी रोमला पोचली, तेथे संताप झाला, मलेडी यांना प्रांताधिपतीचे पद सोडून जबाब देण्यासाठी जावे लागले आणि पुढे काही वर्षे नीस येथे दूर ठेवण्यात आले. हे शासन विक्रीबद्दल होते की अटी मोडल्याबद्दल, याचे उत्तर कागदपत्रे अटींच्या बाजूने देतात. माणूस विकणे हा प्रमाद नव्हता, हिशोब चुकविणे हा होता. शतकाच्या नीतिमत्तेची ही मोजपट्टी ध्यानात घेतल्यावाचून मलेडी यांना एकट्यालाच खलपुरुष ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही.

आणि मलेडी यांची गोष्ट तेथे संपत नाही. ते अमेरिकेत परतले, आणि १८४३ साली मॅसॅच्युसेट्समध्ये होली क्रॉस हे कॉलेज निघाले तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष झाले. पुढल्याच वर्षी तेथे जॉर्जियातल्या मायकेल हीली या आयरिश मळेवाल्याची चार मुले दाखल झाली. त्यांची आई मेरी इलायझा ही बापाची गुलाम होती. जॉर्जियाचा कायदा आईचा दर्जा मुलांना लावी, म्हणजे ही मुले कायद्याने गुलामच, आपल्या बापाची मालमत्ता; घरी राहती तर त्यांना अक्षर शिकविणे हाही गुन्हा ठरला असता. ज्या हातांनी सहा वर्षांपूर्वी २७२ माणसांच्या यादीवर सही केली त्याच हातांनी या चार गुलाम मुलांची नावे शाळेच्या पटावर घेतली, तेथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यांतला थोरला जेम्स १८४९ साली पहिल्या तुकडीत पहिला आला. पुढे तो मेन राज्यात पोर्टलंडचा बिशप झाला. मलेडी यांच्या मनात हे दोन प्रसंग कधी शेजारी येऊन बसले की नाही, कोण जाणे.

त्या चौघांतला पॅट्रिक जेझुइट झाला, बेल्जियमच्या ल्यूव्हाँ विद्यापीठातून तत्त्वज्ञानाचा पंडित होऊन आला, आणि १८७४ च्या सुमारास जॉर्जटाउनच्या अध्यक्षपदावर बसला. वर्ण उजळ असल्याने बहुतेकांनी त्याला आयरिश म्हणूनच ओळखले, आणि त्यानेही ती समजूत खोडून काढली नाही. त्याने टेकडीचा कायापालट केला. १८७७ साली पायाभरणी झालेली, उंच मनोऱ्याची आणि करड्या दगडाची ती भव्य इमारत काँग्रेसच्या ग्रंथालयाचे आराखडे करणाऱ्या स्मिथमायर व पेल्झ यांनीच योजिली; आज पोटोमॅकवरून येणाऱ्याला प्रथम तीच दिसते. तिच्यापायी कॉलेज पुन्हा कर्जात बुडाले, हेही परंपरेला धरूनच झाले.

यादरम्यान यादवी युद्ध होऊन गेले होते. विद्यार्थ्यांत दक्षिणेकडच्यांचा भरणा असल्याने १८६१ साली वर्गच्या वर्ग उठून गेले. १८५९ साली तीनशेच्या वर असलेला पट दोन वर्षांत विसाच्या आत आला, आणि रिकाम्या खोल्यांत उत्तरेच्या फौजेची पलटण उतरली. पुढच्या वर्षी त्याच इमारतींत जखमींच्या खाटा लागल्या. माजी विद्यार्थ्यांपैकी जे लढले त्यांतले बहुतेक दक्षिणेच्या बाजूने लढले. १८७६ साली नौका वल्हवणाऱ्या मुलांनी निळा आणि करडा हे दोन रंग, म्हणजे उत्तर व दक्षिण यांच्या गणवेशांचे रंग, सलोख्याची खूण म्हणून एकत्र केले. कॉलेज आणि प्रेप या दोघांच्याही खेळाडूंच्या अंगावर ते अजून आहेत. सलोखा झाला तो दोन गोऱ्या पक्षांमध्ये. तिसऱ्या पक्षाला त्यात रंग नव्हता.

शाळा आणि कॉलेज एकमेकांपासून विलग कशी झाली ही हकिकत वरच्या मानाने रुक्ष आहे, पण तिच्यात एक गमतीचा वाद आहे. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी विद्यार्थ्याला विषयांची निवड करू द्यावी असा पुरस्कार चालविला होता. १८९९ साली एका मासिकात लिहिताना त्यांनी जेझुइटांच्या ठराविक अभ्यासक्रमाची तुलना मुसलमानांच्या कुराणाधिष्ठित शिक्षणाशी केली आणि तो चारशे वर्षांत जवळजवळ बदलला नाही असा शेरा मारला. फादर टिमथी ब्रॉस्नाहन यांनी त्याला असे काही धारदार उत्तर दिले की ते वाचताना आजही मौज वाटते. परंतु त्या मासिकाने ते छापण्याचे नाकारल्यामुळे ते दुसरीकडे प्रसिद्ध करावे लागले. वादात जेझुइट हरले नाहीत, व्यवहारात हरले. हार्वर्डच्या विधिशाखेने काही जेझुइट कॉलेजांना आपल्या मान्य यादीतून वगळले, आणि सात वर्षांची सलग शिडी मोडून चार वर्षांची शाळा व चार वर्षांचे कॉलेज केल्यावाचून देशाच्या बाजारात आपले नाणे चालणार नाही हे पालकांनी त्यांना समजावून दिले. जॉर्जटाउनच्या टेकडीवर आता लहान मुले अडचणीची झाली. अध्यक्ष अल्फॉन्सस डॉनलन यांच्या पुढाकाराने मेरीलंडमध्ये, रॉकव्हिल रस्त्यावर, सुमारे नव्वद एकर जमीन घेण्यात आली, आणि १९१९ साली प्रेप तेथे हलली. ज्या मुळावर विद्यापीठ वाढले तेच मूळ उपटून दुसऱ्या शेतात लावले गेले.

त्याच सुमारास, १९१४ साली, न्यूयॉर्कमध्ये एका माजी महापौराच्या विधवेने आपले नाव गुप्त ठेवून दिलेल्या देणगीतून रीजिस ही जेझुइट शाळा निघाली, आणि तेथे लोयोलाचा जुना दंडक, विद्येला शुल्क नाही, हा पुन्हा अमलात आला. तो आजही चालू आहे. प्रेपने दुसरी वाट धरली. ऐसपैस मैदाने, गोल्फची हिरवळ, वसतिगृह, आणि राजधानीतील वजनदार घराण्यांची मुले, अशी तिची कीर्ती झाली. आज तेथे राहून शिकणाऱ्या मुलाचे वार्षिक शुल्क साठ हजार डॉलरांच्या वर आहे, गरजू मुलांना साहाय्य मिळते हेही खरे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींपैकी नील गोर्सच व ब्रेट कॅव्हनॉ हे दोघे, आणि मध्यवर्ती बँकेचे प्रमुख झालेले जेरोम पॉवेल, हे याच शाळेचे. २०१८ साली कॅव्हनॉ यांच्या नेमणुकीवरून सिनेटमध्ये जे वादळ उठले त्यात शाळेच्या १९८० च्या सुमाराच्या विद्यार्थिजीवनाची जाहीर छाननी झाली. पण तो इतिहास अद्याप निवला नाही, म्हणून येथे त्याला हात लावीत नाही.

विद्यापीठात मात्र जुने दप्तर उघडले. २०१५ साली विद्यापीठाने एक समिती नेमली, आणि पुढल्या वर्षी न्यूयॉर्क टाइम्सने १८३८ च्या विक्रीची हकिकत वंशजांच्या नावागावांसह छापली. कॉर्नेलियस हॉकिन्स याची कबर लुइझियानातील मॅरिंग्वीन गावच्या कॅथलिक दफनभूमीत सापडली. त्याला विकणाऱ्यांचाच धर्म त्याच्या वंशजांनी पिढ्यान्‌पिढ्या सोडला नव्हता. २०१७ च्या एप्रिलात जेझुइटांच्या वतीने क्षमायाचना झाली, आणि मलेडी यांच्या नावाची इमारत यादीतल्या पहिल्या माणसाच्या नावाने, आयझॅक हॉकिन्स यांच्या नावाने, ओळखली जाऊ लागली. २०१९ साली विद्यार्थ्यांनी मतदान करून ठरविले की, प्रत्येक सत्रास २७ डॉलर २० सेंट इतका आकार आपल्यावर बसवून तो वंशजांच्या उपयोगी लावावा. फुकट विद्येच्या नियमापासून निघालेल्या शाळेत शुल्क वाढविण्याची मागणी विद्यार्थ्यांनीच केल्याचा हा प्रसंग विरळा. विद्यापीठाने तो आकार न बसविता देणग्यांतून निधी उभारण्याचे ठरविले. २०२१ साली अमेरिकेतील जेझुइटांनी वंशजांच्या प्रतिष्ठानासाठी दहा कोटी डॉलर उभारण्याचे वचन दिले. त्यांतले दीड कोटी त्या वेळी जमा होते. २०२३ साली आणखी दोन कोटी सत्तर लाख आले, एक कोटी विद्यापीठाकडून आणि एक कोटी सत्तर लाख जेझुइटांकडून, आणि जेझुइटांनी दिलेली ही रक्कम मेरीलंडमधील जुन्या मळ्यांच्या जमिनी विकून उभी राहिली होती.